नऊ दिवस परवान्याविना : न्यू जर्सीतील एका विमा प्रोड्युसरच्या नूतनीकरणाचे प्रकरण

अमेरिकेत विमा विकणारी व्यक्ती कंपनीची एजंट असो वा ग्राहकाच्या बाजूने काम करणारी ब्रोकर, बहुतेक राज्यांच्या कायद्यात तिला 'प्रोड्युसर' असेच म्हटले जाते आणि तिला परवाना केंद्र सरकार नव्हे, तर राज्य देते. हा परवाना साधारणपणे दर दोन वर्षांनी नव्याने करून घ्यावा लागतो. त्यासाठी ठरावीक तासांचे निरंतर शिक्षण, म्हणजे व्यवसायात ज्याला सगळे 'सीई' म्हणतात ते, पूर्ण करावे लागते. न्यू जर्सीत दोन वर्षांत २४ क्रेडिट्स (एक क्रेडिट म्हणजे ५० मिनिटांचा अभ्यास) लागतात आणि त्यांपैकी ३ व्यावसायिक नीतिमत्तेच्या विषयातील असावी लागतात. नियम ऐकायला सोपा आहे, आणि म्हणूनच अनुभवी माणसेही त्यात अडकतात, कारण आपण किती तास अभ्यास केला याचा हिशेब आपल्या मनात एक असतो आणि राज्याच्या नोंदीत दुसरा असतो.

येथे मांडलेले प्रकरण प्रातिनिधिक आहे. छोट्या एजन्सींमध्ये नूतनीकरणाच्या वेळी ज्या अडचणी वारंवार येतात, त्या एका व्यक्तीच्या प्रकरणात एकत्र बांधल्या आहेत. कायदे, आकडे आणि नियम मात्र खरे आहेत. अमेरिकेत विमा व्यवसायात असलेल्या, किंवा त्यात येऊ पाहणाऱ्या मराठी वाचकांना त्यातून एक गोष्ट नेमकी दिसावी, अशी माझी इच्छा आहे : नूतनीकरणाच्या दिवशी तुमच्या हातातल्या प्रमाणपत्राला किंमत नसते, तुमच्या क्रमांकासमोर राज्याच्या नोंदीत त्या दिवशी काय उमटले आहे त्याला असते.

नियमांची चौकट

विम्याचे नियमन राज्यांकडे का, हे समजल्याशिवाय पुढचा गुंता उलगडत नाही. १८६९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विमा हा आंतरराज्य व्यापार नाही असे ठरवले. १९४४ मध्ये त्याच न्यायालयाने हे मत फिरवले, आणि लगेच १९४५ च्या मॅकॅरन-फर्ग्युसन कायद्याने अमेरिकी संसदेने, म्हणजे काँग्रेसने, विम्याचे नियमन पुन्हा राज्यांच्या हाती ठेवले. त्यामुळे आजही प्रत्येक राज्याचा विमा विभाग वेगळा आणि परवान्याचे नियमही वेगळे आहेत. १९९९ च्या ग्रॅम-लीच-ब्लायली कायद्याने राज्यांना बजावले की, एकमेकांच्या परवान्यांना मान्यता देण्याची व्यवस्था बहुसंख्य राज्यांनी तीन वर्षांत उभी केली नाही, तर एक राष्ट्रीय संस्था आणली जाईल. त्या दडपणाखाली राज्यांच्या विमा आयुक्तांच्या राष्ट्रीय संघटनेने, म्हणजे नॅकने, २००० साली प्रोड्युसर परवान्यांसाठी नमुना कायदा तयार केला. न्यू जर्सीचा सध्याचा परवाना कायदा २००१ चा आहे आणि तो याच नमुन्यावर बेतलेला आहे.

नमुना एक असला तरी तपशील राज्यागणिक बदलतात. हडसन नदीच्या अलीकडे जर्सी सिटीत राहणाऱ्या प्रोड्युसरला दोन वर्षांत २४ क्रेडिट्स लागतात, तर पलीकडे न्यूयॉर्कच्या रहिवाशाला १५ पुरतात. मात्र ज्याचे काम अनेक राज्यांत चालते त्याला प्रत्येक राज्यासाठी वेगळे तास भरावे लागत नाहीत. आपल्या निवासी राज्याची अट पूर्ण केली की बाकीची राज्ये, परस्पर मान्यतेच्या तत्त्वावर, ती पूर्ण झाली असे मानतात. ही मोठीच सोय आहे. तिची दुसरी बाजू अशी की निवासी राज्यातला परवाना हाच बाकीच्या सगळ्या परवान्यांचा पाया ठरतो, आणि तो ढासळला तर इतर राज्यांतल्या कामालाही आधार उरत नाही.

नोंदीतील सहा ओळी

या प्रकरणातील प्रोड्युसर मूळच्या पुण्याच्या. अमेरिकेत येण्यापूर्वी त्यांनी काही वर्षे आयुर्विमा महामंडळाची एजन्सी केली होती. न्यू जर्सीत आल्यावर त्यांनी मालमत्ता, कॅज्युअल्टी (ज्यात वाहन आणि दायित्व विमा येतो), आयुर्विमा आणि आरोग्य या चारही शाखांचा परवाना मिळवला आणि एडिसनमधल्या एका छोट्या स्वतंत्र एजन्सीत त्या काम करू लागल्या. न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनिया या शेजारच्या राज्यांचे अनिवासी परवानेही त्यांच्याकडे होते. त्यांच्या न्यू जर्सी परवान्याची मुदत ३१ मे २०२५ रोजी, म्हणजे शनिवारी, संपत होती.

त्यांच्या हिशेबाने २६ क्रेडिट्स झाली होती, म्हणजे गरजेपेक्षा दोन जास्तच. २९ मेच्या रात्री त्यांनी नूतनीकरणाचा अर्ज भरायला घेतला, तेव्हा शिक्षणाची अट अपुरी असल्याचे सांगून प्रणालीने तो पुढे जाऊ दिला नाही. त्यांनी राज्याकडची आपली शैक्षणिक नोंद उघडली. तिथे चारच अभ्यासक्रम होते आणि त्यांची बेरीज १९ भरत होती.

त्यांच्या वहीत सहा ओळी होत्या. मालमत्ता विम्याचा ८ क्रेडिट्सचा, वाहन विम्याचा ४ चा, पूरविम्याचा ३ चा आणि अॅन्युइटीचा, म्हणजे निवृत्तीनंतर नियमित उत्पन्न देणाऱ्या विमा कराराचा, ४ चा, हे चार अभ्यासक्रम नोंदीत जसेच्या तसे होते. घोळ उरलेल्या दोन ओळींत होता.

पाचवी ओळ नीतिमत्तेच्या ३ क्रेडिट्सची होती. पेनसिल्व्हेनियात एका व्यावसायिक परिषदेत त्यांनी ते सत्र पूर्ण वेळ बसून केले होते, उपस्थितीच्या कागदावर सही केली होती आणि प्रमाणपत्रही घेतले होते. पण त्या सत्राला मान्यता पेनसिल्व्हेनियाची होती, न्यू जर्सीची नव्हती. अभ्यासक्रमांच्या परस्पर मान्यतेचा करार राज्यांमध्ये आहे हे खरे, पण त्याचा उपयोग अभ्यासक्रम देणाऱ्या संस्थेला होतो. एका राज्याने तपासलेला अभ्यासक्रम दुसऱ्या राज्यात मंजूर करून घेणे त्यामुळे सोपे जाते, तरीही संस्थेने त्या दुसऱ्या राज्यात अर्ज करून क्रमांक मिळवावाच लागतो. या संस्थेने तो मिळवला नव्हता. त्यामुळे न्यू जर्सीच्या दृष्टीने ते सत्र झालेच नव्हते. त्यांच्या नोंदीत नीतिमत्तेची क्रेडिट्स शून्य होती, आणि एकूण २४ भरली असती तरीही केवळ या कारणाने अर्ज अडला असता.

सहावी ओळ मला अधिक महत्त्वाची वाटते. वाहन विम्याचा जो ४ क्रेडिट्सचा अभ्यासक्रम त्यांनी मुदतीच्या पहिल्या वर्षी केला होता, तोच त्यांनी दुसऱ्या वर्षी पुन्हा केला. ही नजरचूक नव्हती. न्यू जर्सीत वाहन विम्याच्या किमान मर्यादा अनेक दशकांनंतर बदलत होत्या. १ जानेवारी २०२३ पासून शारीरिक इजेसाठी प्रतिव्यक्ती १५ हजार व प्रतिअपघात ३० हजार डॉलरची जुनी मर्यादा २५ हजार व ५० हजारांवर गेली, मालमत्तेच्या नुकसानीसाठी ५ हजारांची २५ हजारांवर गेली, आणि १ जानेवारी २०२६ पासून शारीरिक इजेची मर्यादा ३५ हजार व ७० हजार होणार होती. अभ्यासक्रमाच्या मजकुरात या दुसऱ्या टप्प्याची भर पडली आहे असे कळल्यामुळे त्यांनी तो मुद्दाम पुन्हा घेतला. मजकूर नवा होता, पण अभ्यासक्रमाचा मंजुरी क्रमांक तोच राहिला होता, आणि एकाच मुदतीत तोच अभ्यासक्रम दोनदा केला तर दुसऱ्या वेळचे क्रेडिट मिळत नाही. हा नियम योग्यच आहे, नाहीतर एकच सोपा अभ्यासक्रम सहा वेळा करून मोकळे होणारे लोक निघतील. तरीही ज्या बाईंनी ग्राहकांना नीट सांगता यावे म्हणून चार तास दिले त्यांच्या खात्यावर काहीच जमा झाले नाही, याची खंत वाटते.

३० मे ते ९ जून

पाच क्रेडिट्स कमी होती, त्यांपैकी तीन नीतिमत्तेची. त्यांनी शुक्रवारी रात्री आणि शनिवारी दिवसभर बसून न्यू जर्सीची मान्यता असलेले दोन ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण केले. शनिवारी, ३१ मेच्या रात्री दुसरी परीक्षा उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र त्यांच्या हाती आले. मुदतीच्या आत अभ्यास पूर्ण झाला म्हणजे परवाना सुरक्षित आहे असे समजून त्या सोमवारी नेहमीप्रमाणे कामावर गेल्या.

त्यांच्या या समजुतीचे मूळ मला त्यांच्या पुण्यातल्या कामात दिसते. भारतात पूर्वी एजंटचा परवाना तीन वर्षांचा असे आणि नूतनीकरणापूर्वी २५ तासांचे प्रशिक्षण असे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर तर वैयक्तिक एजंटला परवाना देण्याची पद्धतच गेली आणि विमा कंपनी एजंटची नियुक्ती करू लागली. दोन्ही व्यवस्थांत एजंट एका कंपनीशी बांधलेला असतो. शाखा कार्यालय आणि विकास अधिकारी त्याच्या कागदपत्रांकडे लक्ष ठेवतात, कारण एजंट थांबला तर त्यांचेही काम थांबते. अमेरिकेतल्या स्वतंत्र एजन्सीतला प्रोड्युसर एकाच वेळी अनेक कंपन्यांचे काम करतो, आणि त्याच्या परवान्याची तारीख सांभाळण्याची कायदेशीर जबाबदारी त्याची एकट्याची असते. राज्याकडून स्मरणपत्र आले तर ती सोय समजावी. ते आले नाही ही सबब चालत नाही.

शुक्रवारी, ६ जूनला सकाळी एका विमा कंपनीच्या पोर्टलवर त्यांचे खाते बंद झालेले दिसले. कंपन्या राष्ट्रीय प्रोड्युसर नोंदवहीतून परवान्यांची स्थिती आपोआप तपासत असतात आणि तिथे १ जूनपासून त्यांचा परवाना 'मुदत संपलेला' असा दिसत होता. त्या एजन्सीच्या मालकांकडे गेल्या.

"सर, कोर्स तर एकतीसलाच झालाय. सर्टिफिकेट आहे माझ्याकडे."

"अहो, सर्टिफिकेट तुमच्याकडे आहे, पण राज्याकडे अजून काही पोचलेलं नाही ना. आणि पोचलं तरी रिन्यूअलचा अर्ज कुठे भरलाय आपण?"

मालकांच्या उत्तरात दोन वेगवेगळ्या गोष्टी होत्या. पहिली अशी की अभ्यासक्रम पूर्ण झाल्याची माहिती संस्थेने प्रोड्युसरच्या राष्ट्रीय क्रमांकासह राज्याला कळवावी लागते, आणि त्याला काही कामकाजाचे दिवस जातात. शनिवारी रात्री संपलेला अभ्यासक्रम रविवारी नोंदीत दिसेल ही अपेक्षा धरता येत नाही. दुसरी अशी की शिक्षण ही नूतनीकरणाची केवळ एक अट आहे. अर्ज भरणे आणि शुल्क देणे हे वेगळे काम आहे आणि तेही मुदतीच्या आतच व्हायला हवे. क्रेडिट्स ९ जूनला, सोमवारी नोंदीत उमटली. त्याच दिवशी उशिराचा अर्ज विलंब शुल्कासह गेला आणि परवाना पुन्हा चालू झाला. मधले नऊ दिवस मात्र भरून निघणारे नव्हते.

त्या दिवसांतले तीन ग्राहक

३ जूनला एडिसनमधल्या एका तरुण मराठी जोडप्याने नवी गाडी घेतली आणि त्यांची वाहन पॉलिसी बाईंनी केली. त्यांना बाईंनी २०२६ च्या वाढीव मर्यादेबद्दल सविस्तर सांगितले आणि किमान मर्यादेवर न थांबता जास्त संरक्षण घ्यायला पटवले. सल्ला उत्तम होता, पण तो द्यायचा अधिकार त्या दिवशी त्यांना नव्हता. न्यू जर्सीच्या कायद्यात परवान्याच्या तरतुदी मोडल्यास पहिल्या उल्लंघनासाठी ५,००० डॉलरपर्यंत आणि त्यापुढील प्रत्येकासाठी १०,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. परवाना संपल्याचे माहीत नव्हते, हा बचाव त्यात भक्कम ठरत नाही.

दुसरे ग्राहक न्यू जर्सीतल्याच मॅनव्हिल गावातले एक वयस्कर जोडपे होते. त्यांना सगळे काका-काकूच म्हणतात. सप्टेंबर २०२१ मध्ये आयडा वादळाच्या पावसाने रॅरिटन नदीला आलेला पूर मॅनव्हिलने भोगला आहे. काका-काकूंच्या घरावर कर्ज उरलेले नव्हते, त्यामुळे बँकेने पूरविम्याची सक्ती करण्याचा प्रश्न नव्हता, आणि घराच्या साध्या विम्यात पुराचे नुकसान येत नाही हे त्यांना आता कळले होते. ५ जूनला त्यांनी राष्ट्रीय पूरविमा कार्यक्रमाचा अर्ज भरला आणि प्रीमियम दिला. या कार्यक्रमात घराच्या इमारतीसाठी जास्तीत जास्त २,५०,००० डॉलर आणि आतल्या वस्तूंसाठी १,००,००० डॉलर संरक्षण मिळते, आणि काही अपवाद सोडले तर पॉलिसी लागू व्हायला ३० दिवस जावे लागतात. अटलांटिकमधला वादळांचा हंगाम १ जूनला सुरू होतो. अर्ज परवानाधारकाने घेतला नाही म्हणून तो रद्द झाला असता आणि नव्याने भरावा लागला असता, तर तीस दिवसांची मोजणीही नव्याने सुरू झाली असती, आणि त्या मधल्या दिवसांत नदी चढली असती तर एका प्रोड्युसरच्या अपुऱ्या क्रेडिट्सची किंमत या म्हाताऱ्या माणसांनी मोजली असती. परवान्याच्या तारखेकडे मी इतक्या गांभीर्याने पाहतो, त्याचे कारण दंड नाही, हे आहे. या प्रकरणात एजन्सीने कंपनीला तातडीने सगळे लेखी कळवले, परवानाधारक सहकाऱ्याने अर्ज तपासून आपल्या जबाबदारीखाली घेतला, आणि कंपनीने अर्ज व प्रीमियम मिळाल्याची मूळ तारीख कायम ठेवली.

तिसरे ग्राहक पेनसिल्व्हेनियातले एक निवृत्त गृहस्थ. त्यांच्याशी अॅन्युइटीबद्दल बोलणे चालू होते आणि अर्ज ७ जूनला भरायचा होता. आदल्या दिवशीच परवान्याची स्थिती कळल्यामुळे बाईंनी ती भेट स्वतः फोन करून पुढे ढकलली, आणि कारणही खरे तेच सांगितले. अॅन्युइटीच्या विक्रीला परवान्याखेरीज आणखी एक वेगळी अट असते. नॅकच्या नमुना नियमावलीनुसार, जिच्यात २०२० साली ग्राहकाचे सर्वोत्तम हित पाहण्याचे कलम आले, अॅन्युइटी विकण्यापूर्वी ४ तासांचे खास प्रशिक्षण आणि त्याशिवाय त्या त्या कंपनीच्या उत्पादनाचे प्रशिक्षण घ्यावे लागते. दीर्घकालीन शुश्रूषेच्या विम्यासाठी नमुन्यात सुरुवातीला ८ तास आणि नंतर दर दोन वर्षांनी ४ तास सांगितले आहेत. पूरविम्याचे प्रशिक्षण २००४ च्या संघीय पूरविमा सुधारणा कायद्यातून आले. हे सगळे तास २४ मध्ये मोजले जाऊ शकतात, पण २४ पूर्ण झाले म्हणून ते पूर्ण झाले असे मात्र होत नाही. दोन खाती वेगळी ठेवावी लागतात. बाईंनी ती ठेवली होती, हेही इथे नोंदवले पाहिजे.

कमिशन आणि इतर राज्ये

नमुना कायद्याचे सूत्र स्पष्ट आहे. ज्या कामाला परवाना लागतो ते काम परवान्याविना केले असेल तर कंपनीने त्याचे कमिशन देऊ नये आणि त्या व्यक्तीने ते घेऊ नये. परंतु विक्रीच्या वेळी परवाना चालू होता अशा जुन्या पॉलिसींचे नूतनीकरण कमिशन, परवाना नंतर संपला तरी, देता येते. बाईंना सर्वांत मोठी भीती होती ती आपले सगळे जुने उत्पन्न अडकेल याची, आणि ती अनाठायी ठरली. ३ जूनच्या वाहन पॉलिसीचे आणि ५ जूनच्या पूरविम्याचे कमिशन त्यांनी घेतले नाही. पॉलिसी मात्र ग्राहकांसाठी वैध राहिल्या. प्रोड्युसरच्या परवान्यातल्या दोषाचा फटका, पैसे भरून संरक्षण घेतलेल्या माणसाला बसू नये, याच तत्त्वावर कंपन्या साधारणपणे अशी प्रकरणे हाताळतात.

न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनियाचे परवाने कागदावर चालूच होते. पण निवासी राज्यात परवाना सुस्थितीत असणे हा अनिवासी परवान्याचा आधार असल्यामुळे, त्या नऊ दिवसांत तिथेही काम न करणे हाच योग्य मार्ग होता. न्यू जर्सीने पुढे कारवाईचा आदेश काढला असता, तर तो अंतिम झाल्यापासून ३० दिवसांच्या आत इतर राज्यांनाही कळवणे बंधनकारक झाले असते. तसा आदेश निघाला नाही. तरीही नऊ दिवसांतल्या प्रत्येक व्यवहाराची यादी, कंपन्यांना पाठवलेली पत्रे आणि त्यांची उत्तरे एजन्सीने एका फाइलमध्ये जपून ठेवली. एजन्सीच्या स्वतःच्या परवान्यासाठी एक जबाबदार परवानाधारक नेमावा लागतो, आणि इथे ते मालकच होते. उद्या व्यावसायिक चुकांच्या विम्याचा अर्ज भरताना असा प्रसंग घडला होता का असे विचारले गेले, तर खरे उत्तर कागदांसह देता यावे हा त्यांचा हेतू होता.

तास कशाचे मोजतात

ऑनलाइन अभ्यासक्रमाचे क्रेडिट कसे ठरते, हे फारच थोड्या प्रोड्युसरांना माहीत असते. नॅकच्या मार्गदर्शक सूत्रानुसार मजकुरातील शब्दांची संख्या मिनिटाला १८० शब्द या वाचनवेगाने भागतात, आलेल्या मिनिटांना ५० ने भागतात, कारण ५० मिनिटांचे एक क्रेडिट मानले जाते, आणि मग विषय किती कठीण आहे त्याप्रमाणे १, १.२५ किंवा १.५० ने गुणतात. म्हणजे प्राथमिक पातळीच्या एका क्रेडिटमागे सुमारे ९,००० इंग्रजी शब्द असतात. शेवटी परीक्षा असते आणि ७० टक्के गुण मिळवावे लागतात. बाईंनी शेवटच्या दोन दिवसांत केलेली पाच क्रेडिट्स म्हणजे दिवसभराचे काम आणि घर सांभाळून वाचलेले पंचेचाळीस हजार शब्द होते.

एवढे वाचून काय लक्षात राहते? माझे मत स्पष्ट आहे : शेवटच्या आठवड्यात २४ क्रेडिट्सचा एकगठ्ठा संच विकत घेऊन उरकण्याची जी रीत व्यवसायात रूढ झाली आहे, तिने कायद्याची अट पुरी होते आणि अटीमागचा हेतू मात्र वाया जातो. पूरविम्याचेच उदाहरण घ्या. ऑक्टोबर २०२१ पासून नव्या आणि एप्रिल २०२२ पासून सगळ्या पॉलिसींना नवी दरपद्धत लागू झाली. तिच्यात केवळ नकाशावरचा विभाग नव्हे, तर पाण्यापासूनचे अंतर, पायाचा प्रकार, पहिल्या मजल्याची उंची आणि घर पुन्हा बांधण्याचा खर्च हेही पाहिले जाते. ज्याने पूरविम्याचे प्रशिक्षण त्याआधी केव्हातरी घेऊन नंतर पुन्हा पाहिलेच नाही, तो मॅनव्हिलच्या काका-काकूंना प्रीमियम एवढा का आला हे समजावून सांगू शकत नाही, आणि समजले नाही की माणसे पॉलिसी सोडून देतात. बाईंनी हा अभ्यासक्रम नव्याने केला होता, म्हणूनच ५ जूनची ती भेट काका-काकूंच्या होकाराने संपली. दोन वर्षांत पसरून, आपल्या ग्राहकांना लागणारे विषय निवडून शिकणे हीच सीईची खरी रीत, आणि या बाई ती पाळत होत्या. त्यांची चूक शिकण्यात नव्हती, नोंद पाहण्यात होती.

एजन्सीने नंतर काय केले

एजन्सीने पहिला बदल केला तो अभ्यासक्रम निवडण्याच्या पद्धतीत. आता नाव नोंदवण्यापूर्वी दोन प्रश्न लेखी विचारले जातात : या अभ्यासक्रमाला न्यू जर्सीचा मंजुरी क्रमांक आहे का, आणि तो कोणत्या प्रकारात, सर्वसाधारण की नीतिमत्ता, मंजूर आहे? 'नीतिमत्ता' हा शब्द शीर्षकात असला म्हणजे राज्याने तो त्याच प्रकारात धरला असेलच असे नाही. क्रमांक आधीच्या अभ्यासक्रमाच्या क्रमांकाशी जुळवूनही पाहिला जातो.

प्रत्येक प्रोड्युसरने अभ्यासक्रम संपल्यावर पंधरवड्याच्या आत राज्याची नोंद उघडून ती ओळ उमटली आहे याची खात्री करायची, आणि नसेल तर संस्थेला कळवायचे, हा दुसरा नियम. नीतिमत्तेची तीन क्रेडिट्स मुदतीच्या पहिल्या सहामाहीत उरकायची आणि मुदत संपायच्या साठ दिवस आधी २४ चा आकडा नोंदीत दिसला पाहिजे, असेही ठरले. तो दिसला नाही तर मालक त्या प्रोड्युसरचे नवे काम त्या दिवसापासून दुसऱ्याकडे देतात. हा नियम कडक वाटतो खरा. पण आजारपण किंवा लष्करी सेवा अशा कारणांसाठी सवलत मागायची झाली, तरी ती आधी मागावी लागते, आणि साठ दिवस हातात असले तरच ते जमते.

परवाना नक्की चालू झाल्याचे कंपन्यांच्या पोर्टलवर दिसल्यानंतर, जूनच्या तिसऱ्या आठवड्यात बाई पेनसिल्व्हेनियातल्या त्या निवृत्त गृहस्थांना भेटल्या आणि अॅन्युइटीचा अर्ज भरला गेला. नव्या मुदतीतला त्यांचा पहिला अभ्यासक्रम नीतिमत्तेचा होता, न्यू जर्सीच्या क्रमांकाचा. तो जुलैमध्ये नोंदीत आला.